सुटलेले पोट, ओघळलेले पोट : प्रस्तावना

पोट, कंबर, दंड किंवा मांड्यांचा आकार बदलून घ्यायचा विचार करणाऱ्या बहुतेकांनी दवाखान्याची पायरी चढण्याआधीच आपली शस्त्रक्रिया ठरवलेली असते. ‘लायपो’ करायचे. भोके बारीक, टाके नावापुरते, दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्याभरात कामावर. ‘टमी टक’ म्हटले की मात्र एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत गेलेली चीर डोळ्यांपुढे येते आणि माणूस दोन पावले मागे सरतो. त्यामुळे एक हलकी शस्त्रक्रिया आणि एक भारी, एक स्वस्त आणि एक महाग, अशी या दोघींची वाटणी लोकांच्या मनात पक्की बसली आहे. प्लास्टिक सर्जन म्हणून रोज माझी गाठ या समजाशी पडते. हे पुस्तक लिहिण्याचे कारणही तोच आहे.

लायपोसक्शनने चरबी निघते. सैल त्वचा त्याने घट्ट होत नाही आणि ताणले गेलेले स्नायू जवळ येत नाहीत. टमी टकसारखी कापून घट्ट करणारी शस्त्रक्रिया त्वचा आणि स्नायू सांभाळते, पण कंबरेवर, पाठीवर, मांड्यांवर पसरलेली चरबी तिच्या आवाक्याबाहेर राहते. तेव्हा दोन्हींपैकी चांगली कोणती, असे विचारून काही हाती लागत नाही. तक्रार कोणत्या थरातली आहे हे आधी कळावे लागते. ते कळले की बराचसा निर्णय शरीरानेच दिलेला असतो. उरतो तो रुग्णाचा एकट्याचा निर्णय: हव्या असलेल्या आकारासाठी जन्मभराचा व्रण पत्करायचा की नाही.

थर ओळखण्याचे काम मुख्यतः हाताचे आहे. चांगल्या उजेडात उभे राहून नाभीखालचे पोट अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरावे. जाड, भरीव वळी हातात आली आणि सोडताच त्वचा जागेवर बसली, तर त्वचेत अजून जोर आहे. पातळ, सुरकुतलेला पदर हातात आला, त्यावर गरोदरपणाच्या पांढुरक्या चिरा असल्या आणि सोडल्यावर तो रेंगाळत मागे गेला, तर त्वचेतले लवचीक तंतू तुटलेले आहेत. ते पुन्हा जुळत नाहीत. मग कमरेत पुढे वाकून पाहावे. उभे असताना बऱ्यापैकी दिसणारे पोट वाकल्यावर खाली लोंबू लागले तर अडचण त्वचेची आहे. शेवटी पाठीवर झोपून, गुडघे मुडपून, फक्त डोके उचलावे. मधल्या रेषेत बोटे आत जातील अशी फट लागली किंवा तिथे उभा उंचवटा आला, तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून दूर गेलेले आहेत. हे अंतर साधारण दोन सेंटिमीटरहून जास्त असले की आम्ही त्याला डायस्टॅसिस म्हणतो. बाळंतपणानंतर पोट बांधण्याची आपल्याकडची रीत आधार देते, कंबरेला बरे वाटते. पहिल्या काही महिन्यांत ती फट निसर्गतः आणि व्यायामाने बरीच भरूनही येते. पण वर्ष उलटून गेल्यावर जी फट उरते, ती पट्ट्याने किंवा लायपोने जात नाही. तिला टाकेच लागतात. याच तपासणीत नाभीचा हर्निया सापडतो, आणि तो सापडणे फार महत्त्वाचे असते, कारण लायपोची नळी नकळत त्यात शिरली तर आतडे फाटू शकते.

आणखी एक पोट असते, विशेषतः चाळिशीपुढच्या पुरुषांचे. ते पुढे आलेले असते, पण चिमटीत फारसे काही येत नाही; हाताला ते टणक लागते. ही चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती असते. तिथे लायपोची नळी नेता येत नाही आणि त्वचा ओढूनही उपयोग नाही. या रुग्णाला मी शस्त्रक्रियेची तारीख देत नाही, साखर आणि यकृताच्या तपासण्या लिहून देतो. अशा पोटाबद्दल आपण भारतीयांनी जास्तच सावध असायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ ठरणाऱ्या आपल्या माणसांच्या अंगात किती चरबी लपलेली असते, हे यापेक्षा नेमके मला सांगता येणार नाही.

लायपो केले की मधुमेहाचा धोका टळतो, असे सांगणारे अजून भेटतात. त्याचेही उत्तर त्याच वर्षी मिळाले आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची चरबी लायपोसक्शनने काढली, सरासरी नऊ ते साडेदहा किलो. दहा-बारा आठवड्यांनी पाहिले तर इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली चरबी यांपैकी कशातही सुधारणा नव्हती. लायपो हा वजन कमी करण्याचा किंवा आजार बरा करण्याचा उपाय नाही. तो आकाराचा उपाय आहे, आणि तेवढाच समजून केला तर चांगला उपाय आहे.

या उपायाची सुरुवात मोठ्या अपयशाने झाली. १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये शार्ल दुजारिये या सर्जनने एका नर्तकीच्या पायावरची चरबी गर्भाशय खरवडण्याच्या उपकरणाने काढायचा प्रयत्न केला. मोठी रक्तवाहिनी दुखावली, गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. पुढे कित्येक वर्षे या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास रोममधल्या आर्पाद आणि जॉर्जिओ फिशर या पितापुत्रांनी पोकळ नळी आत घालून चरबी ओढून घेण्याची कल्पना पुढे आणली. पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे १९७७ मध्ये एक तरुणी आली. तिच्या पाठीवरची चरबीची गाठ काढायची होती, पण मोठा व्रण तिला नको होता. इलूझ यांनी बारीक छेदातून नळी घालून ती गाठ ओढून काढली आणि मग हाच मार्ग त्यांनी पोट-मांड्यांसाठी वापरला. त्यांची नळी बोथट टोकाची होती आणि आधी ते आत द्रव सोडत. बोथट टोकापुढे रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बाजूला सरतात, सहसा कापले जात नाहीत. त्वचेला खालच्या थराशी बांधून ठेवणारे धागे नळीने पाडलेल्या बोगद्यांच्या मधून शाबूत राहतात. तीन हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अनुभव त्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरचे सर्जन पॅरिसला शिकायला जाऊ लागले.

रक्तस्रावाचा प्रश्न मात्र राहिला होता. इलूझ यांच्यासारखा द्रव न सोडता केलेल्या लायपोत बाहेर येणाऱ्या ऐवजात वीस ते पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत रक्त असे. हे चित्र प्लास्टिक सर्जनने नव्हे, कॅलिफोर्नियातल्या एका त्वचारोगतज्ज्ञाने पालटले. जेफ्री क्लाइन यांनी १९८५ च्या सुमारास सलाइनमध्ये थोडे लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध आणि दहा लाखात एक भाग इतके विरळ अ‍ॅड्रेनलिन मिसळून ते भरपूर प्रमाणात चरबीत सोडायला सुरुवात केली. १९८७ मध्ये ते छापले. आज जवळपास प्रत्येक थिएटरमध्ये याच द्रावणाचे थोडेफार बदललेले रूप वापरतात. ते भरले की पोट टणक फुगते, गार पडते आणि रक्तवाहिन्या आखडल्यामुळे त्वचा पांढरीफटक होते. त्यासाठी घाई न करता थांबावे लागते. मग तीन-चार मिलिमीटर जाडीची नळी आत जाते. एक हात नळी पुढे-मागे चालवतो, दुसऱ्या हाताचा पसरलेला तळवा त्वचेवरून नळीचे टोक जोखत राहतो: किती खोल, किती राहिले, कुठे थांबायचे. नवशिक्याचे सगळे लक्ष नळीच्या हाताकडे असते. निकाल ठरतो तो वरच्या तळव्यावर. बरणीत पिवळी चरबी वर तरंगते, खाली गुलाबीसर पाणी बसते, आणि त्या पाण्यात रक्त किती दिसते यावर आमची सतत नजर असते. क्लाइन यांच्या पद्धतीने रक्ताचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. लायपोसक्शन जगात सर्वाधिक होणाऱ्या सौंदर्यशस्त्रक्रियांपैकी एक झाले, त्यामागे हे मोठे कारण आहे.

कापण्याची परंपरा याहून जुनी. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्ये एका अतिस्थूल स्त्रीच्या पोटावरची सुमारे सात किलोंची लोंबती घडी कापून काढल्याचे नोंदवले. त्यांचा हेतू सौंदर्याचा नव्हता. त्या घडीचे ओझे, तिच्याखालचा घाम आणि जखमा यांतून सुटका हवी होती. त्या काळात नाभीही बरेचदा कापल्या गेलेल्या भागाबरोबर जात असे. नाभी वाचवून तिला ओढलेल्या त्वचेत नवी वाट करून देण्याची पद्धत १९५७ मध्ये व्हर्नन यांनी मांडली. १९६७ मध्ये ब्राझीलच्या इव्हो पिटांगी यांनी चीर खाली, अंतर्वस्त्रात झाकली जाईल अशी नेली आणि स्नायूंची दुरुस्ती तिला जोडली. रिओच्या सांता कासा रुग्णालयात गरिबांसाठी मोफत वॉर्ड चालवणाऱ्या पिटांगींनी देशोदेशीचे सर्जन घडवले. ही शस्त्रक्रिया श्रीमंतांची चैन आहे, हा समज मोडायला त्यांच्या त्या वॉर्डने जेवढी मदत केली तेवढी कोणत्या ग्रंथाने केली नसेल.

अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत म्हणजे टमी टकमध्ये नाभी स्वतः हलत नाही, हे सांगितल्यावर रुग्णांना नेहमी नवल वाटते. नाभी देठासकट आपल्या जागी राहते. तिच्याभोवतीची त्वचा बरगड्यांपर्यंत उचलली जाते, दूर गेलेले स्नायू मधोमध शिवले जातात, उचललेली त्वचा खाली ओढून जास्तीचा भाग कापतात आणि नाभीला नवे छिद्र पाडून बाहेर काढतात. पहिले काही दिवस माणूस कमरेत वाकूनच चालतो, कारण टाक्यांवर ताण नको असतो. बाजूला ड्रेनच्या बाटल्या लटकत असतात. साडी नेसणाऱ्या स्त्रीला मी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी परकर बांधून यायला सांगतो. नाडी कुठे बसते ती रेघ पेनाने आखून घेतो आणि चीर तिच्या बरीच खाली ठेवतो. व्रणावर रोज नाडी घासली तर तो जाड होतो आणि खाजत राहतो. युरोपातल्या पाठ्यपुस्तकात हे सापडत नाही.

लायपो आणि कापणे, ही दोन घराणी बराच काळ वेगवेगळी नांदली. उचललेल्या त्वचेचा रक्तपुरवठा आधीच अर्धा तुटलेला असतो. त्यात लायपोची नळी फिरवली तर त्वचा काळी पडून मरेल, ही भीती रास्त होती. न्यू यॉर्कच्या अ‍ॅलन मातारासो यांनी १९९१ मध्ये पोटांचे चार प्रकार मांडले. पहिल्यात त्वचा चांगली आणि फक्त चरबी जास्त, त्याला लायपो पुरे. चौथ्यात त्वचा, चरबी आणि स्नायू तिन्ही बिघडलेले, त्याला पूर्ण अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी. मधल्या दोघांना छोट्या चिरेच्या, अंशतः स्नायू शिवणाऱ्या शस्त्रक्रिया. उचललेल्या त्वचेच्या कोणत्या भागात नळी सुरक्षित आणि कुठे धोक्याची, याचाही नकाशा त्यांनी दिला. सर्जन टेड लॉकवूड यांनी त्वचेखालच्या एका पातळ पण चिवट पडद्याकडे लक्ष वेधले. ताण त्वचेवर न देता त्या पडद्याला टाके घातले तर व्रण रुंदावत नाही आणि मांड्या, नितंब, कंबर एकत्र उचलता येतात. २००१ मध्ये ब्राझीलच्याच ओस्वाल्दो साल्दान्या यांनी पोटभर लायपो करून, त्वचा फक्त मधोमध, स्नायू शिवण्यापुरती उचलण्याची पद्धत मांडली. बाजूने वर येणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात जागेवर राहतात. माझ्या मते दोन बाळंतपणे झालेल्या बहुसंख्य भारतीय स्त्रियांसाठी आजची सर्वांत योग्य शस्त्रक्रिया या वाटेवरची आहे, आणि ‘लायपो की टमी टक’ हा वाद तिने बऱ्याच अंशी जुना केला आहे.

तिसरे घराणे यंत्रांचे. इटलीच्या मिकेले झोकी यांच्यापासून अल्ट्रासाउंड आले, त्यातून पुढे व्हेसर हे यंत्र. लेसर आले, रेडिओफ्रिक्वेन्सी आली, गोठवून चरबी मारणारे क्रायोलिपोलिसिस आले. कोलंबियाच्या आल्फ्रेदो ओयोस यांनी स्नायूंच्या कडा उठून दिसतील अशी चरबी कोरायला सुरुवात केली. यांतली काही साधने उपयोगी आहेत. पुरुषांच्या छातीवरची चिवट चरबी काढताना अल्ट्रासाउंडचा फायदा मला स्वतःला दिसतो. त्वचा थोडीशी सैल असेल तर उष्णतेने ती काहीशी आवळते, हेही खरे. पण जाहिरातीत यंत्र जे वचन देते ते त्वचेच्या स्वभावापुढे टिकत नाही. लोंबणारी त्वचा कोणत्याही यंत्राने कापल्याइतकी कमी होत नाही. गोठवण्याच्या उपचारानंतर क्वचित त्या जागची चरबी कमी होण्याऐवजी टणक होऊन वाढते, आणि ती काढायला मग शस्त्रक्रियाच करावी लागते. एका प्रसिद्ध फॅशन मॉडेलने २०२१ मध्ये आपल्याबाबत असे घडल्याचे जाहीर सांगितले, तेव्हा कुठे लोकांना ते कळले.

चुकीच्या निवडीची किंमत काय असते, ते एका रुग्णाच्या उदाहरणाने सांगतो. दोन सिझेरियन झालेली, वजन उतरवून आलेली एक शिक्षिका. दुसरीकडे तिचे लायपो झाले होते. तिने पोलके वर केले तेव्हा पोटावर चरबी जवळपास नव्हती. नाभीवर त्वचेची आडवी घडी आली होती, खालची त्वचा सिझेरियनच्या व्रणावरून पुढे लोंबत होती आणि मधे-मधे खळगे पडले होते. “डॉक्टर, पोट कमी झालं, पण म्हातारं झालं,” ती म्हणाली. उशीतला कापूस काढला म्हणून अभ्रा लहान होत नाही, एवढी साधी गोष्ट तिला आधी कोणी सांगितली नव्हती. तिची तक्रार पहिल्यापासून त्वचेची आणि स्नायूंची होती. चरबीने निदान ती त्वचा भरून तरी ठेवली होती. नंतर तिची अ‍ॅब्डोमिनोप्लास्टी केली, पण आधीच्या लायपोने त्वचेखाली कडक जाळे झाले होते, रक्तपुरवठ्याचा भरवसा कमी झाला होता, आणि जी शस्त्रक्रिया पहिल्यांदा निर्धास्तपणे झाली असती ती हात राखून करावी लागली.

उलट चूकही होते. पंचविशीतली, घट्ट त्वचेची, फक्त कंबरेवर आणि ओटीपोटावर चरबी साठलेली मुलगी कुठल्या तरी पॅकेजमध्ये अडकते आणि जिथे चार बारीक भोके पुरली असती तिथे पोटभर व्रण घेऊन येते. पुढे तिला मूल हवे असेल तर शिवलेले स्नायू पुन्हा ताणले जाणार. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेत व्रण गडद होण्याची, जाड होण्याची, काहींमध्ये किलॉइड म्हणजे व्रणाबाहेर वाढत जाणारी गाठ होण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त. ज्याच्या खांद्यावर किंवा कान टोचलेल्या जागी किलॉइड झालेले आहे, त्याने चिरेचा विचार दहा वेळा करावा.

दोन्ही शस्त्रक्रियांत जीव जाऊ शकतो. हे वाक्य मी मुद्दाम सौम्य करत नाही. १९९४ ते १९९८ या काळातल्या लायपोसक्शनबद्दल अमेरिकेतल्या सर्जनांकडून माहिती मागवून केलेली एक पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत एक लाख शस्त्रक्रियांमागे सुमारे १९ मृत्यू आढळले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा पायांतल्या शिरांमधली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन बसण्याचा होता. तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाल्या: द्रवाचा हिशेब, गुठळीचा धोका आधी मोजणे, शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच रुग्णाला चालवणे. एका वेळी एकूण पाच लिटरहून जास्त ऐवज काढायचा असेल तर ती मोठी शस्त्रक्रिया समजून रात्रभर देखरेखीत ठेवावे, हे आता सर्वमान्य आहे. अ‍ॅब्डोमिनोप्लास्टीत गुठळीचा धोका लायपोपेक्षा जास्त. त्वचेखाली पाणी साठणे हे तर नेहमीचेच, आणि सिगारेट ओढणाऱ्यांत त्वचा मरण्याची भीती मोठी. चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तंबाखू पूर्ण बंद, यावर मी तडजोड करत नाही. २०२२ मध्ये बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका तरुण अभिनेत्रीचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाने त्याबद्दल विचारले. महिन्याभरात पुन्हा कोणी विचारले नाही.

चरबी परत येते का, हा प्रश्न मात्र कायम विचारला जातो. प्रौढ माणसाच्या शरीरात चरबीच्या पेशींची संख्या साधारण स्थिर राहते. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की दर वर्षी सुमारे दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. त्यासाठी त्यांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात पसरलेल्या कार्बनचा पेशींमधला माग काढला होता. काढलेल्या पेशी त्याच जागी सहजी उगवत नाहीत. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडोत झालेल्या २०११ च्या अभ्यासात वर्षभरात एकूण चरबी पूर्वपदावर आली. मांड्या बारीक राहिल्या, पोट मात्र वाढले. म्हणून वजन किमान सहा महिने स्थिर असल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, आणि वजन उतरवण्यासाठीची बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया झालेल्यांनी वर्ष-दीड वर्ष थांबावे, हिमोग्लोबिन आणि प्रथिने भरून काढावीत, असे आम्ही सांगतो.

हा विषय आता इतका निकडीचा का झाला, याचे एक कारण वजन उतरवणारी नवी औषधे आहेत. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. टिर्झेपाटाइडच्या मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या पुढे. टिर्झेपाटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड २०२५ मध्ये भारतात आले. पूर्वी फक्त बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर दिसणारी ओघळलेली त्वचा आता इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये दिसू लागली आहे. चरबी औषधाने गेली, त्वचा तेवढी मागे उरली. त्यांचा प्रश्न सुरुवातीपासून त्वचेचा आहे आणि तरीही ते लायपोच मागायला येतात. दुसरे कारण जाहिराती. ‘जेवणाच्या सुट्टीत लायपो’, ‘व्रणाशिवाय टमी टक’, हप्त्यांची सोय, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच दिवशी काढलेले छायाचित्र. केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. सगळा भार कुटुंबाच्या खिशावर असतो, त्यामुळे स्वस्त पॅकेजची ओढ आणखी वाढते.

आणि मराठीत या विषयावर वाचायला जवळपास काही नाही. त्यालाही इतिहास आहे. नागपूरला सी. बालकृष्णन, मुंबईत चार्ल्स पिंटो आणि नोशीर अंटिया यांनी आपल्याकडे प्लास्टिक सर्जरी उभी केली ती भाजलेले, दुभंगलेल्या ओठांची मुले, कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात यांच्यासाठी. त्या पिढीच्या विद्यार्थ्यांना शरीराच्या आकाराबद्दल बोलणे काहीसे कमीपणाचे वाटे. आमच्या पिढीने शस्त्रक्रिया शिकून घेतल्या, पण त्यांच्याबद्दल लोकांशी बोलायचे काम जाहिरातदारांवर सोडले. ही आम्हा सर्जनांची चूक आहे असे मी मानतो.

या पुस्तकाची मांडणी शस्त्रक्रियांच्या नावांनी केलेली नाही, तक्रारींनी केलेली आहे. वाचकाने आपल्या शरीरापासून सुरुवात करावी आणि उपायापाशी शेवटी यावे, अशी योजना आहे. पोटाला जास्त पाने दिली आहेत. दंड आणि मांड्यांचा भाग त्या मानाने लहान आहे, पण तिथला व्रण झाकणे सर्वांत अवघड असल्यामुळे त्याबद्दल परखडपणे लिहिले आहे. छायाचित्रे किमान वर्षभरानंतरची आहेत, संमतीने छापली आहेत, आणि रुंदावलेले, काळे पडलेले व्रणही त्यांत आहेत. खर्चाचे आकडे दिलेले नाहीत. ते शहरागणिक आणि वर्षागणिक बदलतात.

शस्त्रक्रिया करून घ्यावी असा आग्रह या पुस्तकात कुठे नाही. पोटाच्या घडीखाली पावसाळाभर चिघळणारी त्वचा, पाठदुखी, चालताना मांड्या घासून होणाऱ्या जखमा हे वैद्यकीय त्रास आहेत आणि त्यांवर उपचार मागणाऱ्या स्त्रीला ‘या वयात कशाला हवं’ म्हणणे क्रूरपणा आहे. केवळ आरशात बरे दिसावे म्हणून येणाऱ्यालाही मी तितक्याच आदराने तपासतो. पण लग्न जमावे म्हणून मुलीला घेऊन आलेले आईवडील किंवा बायकोसाठी स्वतःच शस्त्रक्रिया निवडून आलेला नवरा यांना मी बाहेर बसवतो आणि रुग्णाशी एकट्याने बोलतो. त्या बोलण्यानंतर अनेकदा शस्त्रक्रिया होत नाही, आणि ते योग्यच असते.

वाचकांना एक कळकळीची विनंती. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी ही पदवी आहे ना ते विचारा, त्याचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असेल का आणि रात्री काही बिघडले तर तुम्हाला कोणत्या अतिदक्षता विभागात नेतील ते लिहून घ्या. मग विचारा की तुमची तक्रार चरबीची आहे, त्वचेची की स्नायूंची. उभे करून, वाकवून, झोपवून तुमच्या पोटाला हात न लावताच कोणी पॅकेजचा दर सांगू लागला, तर तिथून उठा आणि दुसऱ्या सर्जनचे मत घ्या.